निम्म्यानं भागत नाही

निवृत्त झाल्यापासून नॉटिंगहॅमच्या गणपतीत, हळदीकुंकवात, अगदी भाजीच्या दुकानातसुद्धा लोक मला एकच विचारतात. "म्हणजे तुम्ही माणसांच्या डोक्याला शॉक द्यायच्या?" पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. आता 'हो' म्हणून मोकळी होते. पण या अंकाच्या संपादकबाईंनीही फोनवर "तुमच्या त्या शॉकबद्दल लिहा ना" म्हटलं, तेव्हा ठरवलं की एकदाचं लिहूनच टाकावं. पुढच्या गणपतीत निदान मोदक तरी शांतपणे खाता येतील.

तर पहिली गोष्ट, मी डॉक्टर नाही. नागपूरला फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, लग्न होऊन इकडे आले आणि इथल्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या तपासण्यांच्या विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले, ती रिटायर होईपर्यंत. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि मेंदूच्या लहरींचा आलेख काढायचा, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? मग आपल्या बायकांच्या डोक्याला तारा चिकटवून दाखवा. सोमवारची अपॉइंटमेंट असली की रविवारी डोक्यावर वाटीभर तेल थापून यायच्या. डॉक्टरकडे जायचं तर केस चापूनचोपून नकोत का? त्या तेलावर काही चिकटेल तर शपथ! मी कपाळाला हात लावायचे आणि शॅम्पूची बाटली काढायचे.

दोन हजार सालानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत आमच्याकडे चुंबकाचं मशीन आलं. कशासाठी, ते सांगते. फिट्स येणाऱ्या पुष्कळ लोकांचं गोळ्यांवर भागतं. काहींचं मात्र औषधांमागून औषधं बदलली तरी भागत नाही. मेंदूतला जो कोपरा वात्रटपणा करतो, तो ऑपरेशननं काढून टाकता येतो, पण तो बोलण्याच्या जागेला खेटून असला की सर्जन हात वर करतात. अशा लोकांना चुंबकाचा उपयोग होतो का, हे बघायची ट्रायल आमच्या विभागात चालू झाली. सिद्ध झालेला उपचार नव्हता तो. अजूनही डॉक्टर त्याबद्दल जपूनच बोलतात, तेव्हा हे वाचून कोणी पुतण्याला घेऊन माझ्या दारात उभं राहू नये.

मशीन म्हणजे एक पेटी आणि तिला जाड वायरनं जोडलेलं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर प्लॅस्टिकचं कव्हर. वेटोळ्यातून क्षणभर वीज सोडली की चुंबकत्व तयार होतं. ते कवटीतून आरपार जातं आणि आत मेंदूत एवढीशी वीज जागी करतं. शॉक नाही, भूल नाही, काही नाही. डोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं आणि 'टक्' असा आवाज होतो. सेकंदाला साधारण एक टक्, असं बराच वेळ करत राहिलं की त्या कोपऱ्यातल्या पेशी जरा निवळतात, असा हिशेब. रडणाऱ्या पोराला आपण एका लयीत थोपटत राहतो ना, तसंच म्हणा.

जोर किती लावायचा ते ठरवायला आधी अंगठा शोधायचा. म्हणजे मेंदूत अंगठा हलवणारी जागा असते, ती वेटोळं सरकवत सरकवत हुडकायची. सापडली की पेशंटचा अंगठा आपोआप टुणकन हलतो. माणूस मांडीवर हात ठेवून निवांत बसलेला, आणि त्याचा अंगठा माझ्या हुकमावर हलतोय! हजारदा पाहिलं असेल, पण दर वेळी मला आतून गुदगुल्या व्हायच्या. लोकही पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याकडे असे बघायचे की जणू तो शेजाऱ्याचा आहे.

आमच्या पहिल्या पेशंटांपैकी एक रॉन नावाचे म्हातारे, आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. इथल्या रीतीप्रमाणे मला 'मी डक', म्हणजे 'माय डक', म्हणायचे. मी या गावात नवीन असताना बसच्या कंडक्टरनं मला पहिल्यांदा 'डक' म्हटलं, तेव्हा घरी येऊन रडले होते की मेला मला बदक म्हणाला. नंतर कळलं, आपण 'बाई गं' म्हणतो तसंच ते. तर हे रॉनबाबा खुर्चीत बसले की टक् टक् च्या तालावर घोरायला लागायचे. एकदा 'चुंबकाजवळ नको' सांगूनही पाकीट कोटाच्या वरच्या खिशातच राहिलं. दुसऱ्या दिवशी आले ते चिडून. "डोक्याचं माहीत नाही, डक, पण माझ्या बँकेच्या कार्डाची आठवण साफ पुसलीस. नातीला गूज फेअरच्या जत्रेला घेऊन गेलो आणि खिशात दमडी नाही!" मी म्हटलं, "रॉन, तुम्ही ऐकत नाही." तर म्हणे, "कानात तू बुचं घातलीस, ऐकू कसं?" कानात बुचं घालावीच लागत, आवाजानं कान दुखू नयेत म्हणून.

आता रेवतीबद्दल. नाव अर्थातच बदललंय.

रेवती पुण्याची. नवरा निखिल सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर आलेला. तिला कॉलेजपासून फिट्स. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर तुटायचं, नजर थिजायची, ओठ चावल्यासारखे हलायचे आणि मिनिटभरानं ती परत यायची. कधी त्याचीच मोठी फिट व्हायची, मग खाली पडणं, हातपाय झटकणं, सगळं. औषधं करून झाली होती. ऑपरेशनला सर्जननं नकार दिला होता. पहिल्या दिवशी माझं नाव वाचून तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "अय्या, तुम्ही मराठी? काकू म्हणू ना?" मी म्हटलं, "काहीही म्हण, पण उद्या डोक्याला तेल लावून येऊ नकोस."

तिला दीड वर्षाची मुलगी होती, सई. घरात सासूबाई होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्या गेल्या की रेवतीच्या आईनं यायचं, असा त्यांचा पहारा चालायचा. कारण रेवतीला सईबरोबर एकटं राहायची परवानगी नव्हती. जिन्यावरून तिला उचलून आणायचं नाही, गॅसपाशी कडेवर घ्यायचं नाही. आणि टबात अंघोळ तर मुळीच घालायची नाही. फिटमध्ये आईचे हात सुटले तर वीतभर पाणीही पोराला पुरतं.

"काकू, मला दुसरं काही नको," ती एकदा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली. वेटोळं रोज त्याच जागी धरता यावं म्हणून मी तिला घातलेल्या रबरी टोपीवर मार्करनं खूण करत होते. "मला एकदा फक्त तिला एकटीनं अंघोळ घालायचीय. कोणी दारात उभं नाही, कोणी माझ्या हाताकडे बघत नाही. ती आणि मी. आमच्या घरी काय होतं माहितीय? सासूबाई अंघोळ घालतात आणि मी टॉवेल धरून उभी. मी माझ्याच पोरीची टॉवेलवाली झालेय."

माझा मुलगा लहान असताना मी त्याला घाईघाईत नळाखाली धरायचे, बस गाठायची असायची म्हणून. त्याच्या अंघोळीतलं मला काही म्हणता काही आठवत नाही. आणि ही पोरगी तेवढ्यासाठी जीव टाकत होती.

ट्रायलमध्ये एक भानगड असते. दोन वेटोळी दिसायला सारखी, आवाजही सारखाच. एक खरं, एक खोटं, नुसतं टक् टक् करणारं. कोणाला कुठलं, ते पेशंटला माहीत नसतं आणि मलाही नाही. माझं काम वेटोळं धरायचं, तापलं की बदलायचं आणि दर सोमवारी विचारायचं, "आठवड्यात फिट्स किती?" त्यात माझं मत नको, आशा नको, काही नको. सगळ्यांना त्याच सुरात विचारायचं. पण आपल्या भाषेत तो कोरडा सूर कुठून आणायचा हो? इंग्रजीत मी यंत्रासारखी विचारायचे. रेवतीला मात्र "काय गं, कसा गेला आठवडा? बरं आहे ना?" असंच तोंडातून निघायचं.

पहिल्या सोमवारी ती म्हणाली, "खूपच कमी, काकू." दुसऱ्या सोमवारी, "एकही नाही!" तिसऱ्या सोमवारीही नाही. आमच्या कन्सल्टंटबाई, म्हणजे मोठ्या डॉक्टर, स्कॉटलंडच्या, आडनाव मॅक की काहीतरी करून सुरू होणारं, म्हणून घरी मी त्यांना मॅकबाई म्हणायचे. त्या एरवी हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी, पण त्याही खूश दिसायला लागल्या. निखिलनं तर जाहीरच केलं की आई परत गेल्यावर आता रेवतीच्या आईचं तिकीट काढायला नको, रेवती एकटी सांभाळेल. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. मत नको, आशा नको, हे देवापुढे कोण ऐकतंय?

त्याच आठवड्यात एका दुपारी मी तिच्यासाठी डब्यातून चिवडा नेला होता, नागपुरी, चांगला झणझणीत. सेशन झाल्यावर चहा केला. तर ही बाई चिवड्याला हात लावेना. चहाचा कप हातात धरून बसली, फुंकतेय आपली. चहा पार थंड झाला तरी पिईना. मी तिच्याकडे बघत राहिले. बोलतानाही शब्द जरा बोबडे येत होते.

"रेवती, जीभ दाखव."

"काय झालं काकू?"

"दाखव म्हणते ना."

तिनं जीभ बाहेर काढली. कडेला खोल चावा, काळानिळा. मोठ्या फिटमध्ये जबडा मिटतो, तेव्हाच असा चावा बसतो. इतकी वर्षं मी तेच बघत आले होते.

"कधी?"

"काल दुपारी." ती खाली बघत म्हणाली. "सासूबाई देवळात गेल्या होत्या. सई कॉटमध्ये झोपलेली होती, काकू, खरंच. मी सोफ्यावर होते."

"आणि लहान? त्याही येतात?"

"येतात. पण कमी झाल्यात, ते खोटं नाही."

"अगं मग शून्य का सांगितलंस? वेडी का तू?" माझा आवाज चढला. शेजारच्या खोलीतला तंत्रज्ञ डोकावून गेला.

ती रडायला लागली. "तुम्ही इतक्या मायेनं विचारता, बरं आहे ना, बरं आहे ना. तोंडावर नाही कसं म्हणू? पहिल्यांदा भिडेनं म्हणून गेले. मग सगळ्यांचे चेहरे बघितले. निखिल किती दिवसांनी हसला. मग मलाच वाटायला लागलं की नाहीचेत म्हटलं, तर नसतीलही."

आपल्याकडे पाहुण्याला 'चहा बरा झालाय ना?' विचारलं, तर साखरेऐवजी मीठ पडलेलं असलं तरी तो 'फक्कड!' म्हणून संपवतो. आमच्या रॉननं मला बँकेच्या कार्डावरून फाडफाड ऐकवलं, फिट आली की दारातूनच 'आली बघ काल, डक' म्हणून ओरडायचे. आपली माणसं मायेनं विचारणाऱ्याला असं तोडून सांगू शकत नाहीत. पण इथे चहाचा प्रश्न नव्हता. सासूबाई पुढच्या आठवड्यात निघणार होत्या आणि वरच्या मजल्यावर टब होता.

"हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला. "काकू, नको ना. मी तुम्हाला आपल्या म्हणून सांगितलं."

"आपली म्हणूनच सांगणार."

त्यानंतर काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. यायची, टोपी घालायची, कानात बुचं घालायची, डोळे मिटायची. बुचं काढली की 'थँक यू' म्हणून जायची. आपल्या माणसानं आपल्याला 'थँक यू' म्हणावं, याच्यासारखी थप्पड नाही. मला घरी जेवण जाईना.

मग मॅकबाईंनी तिला आणि निखिलला बोलावलं, मीही होते. सगळं खरं खरं विचारून झालं. सासूबाईंचीही साक्ष निघाली, त्यांनी फिट्स बघितल्या होत्या, पण सुनेनं गप्प राहा म्हटलं म्हणून गप्प राहिल्या होत्या. बेरीज केली तर रेवतीच्या फिट्स आधीच्या निम्म्यावर आल्या होत्या. आमच्या धंद्यात निम्म्यावर आल्या म्हणजे उपचार लागू पडला असं मानतात. मॅकबाई हरखून म्हणाल्या, "पण हे तर फारच छान आहे! निम्म्या!"

रेवती माझ्याकडे वळून मराठीत बोलली. कितीतरी दिवसांनी. "निम्म्यानं काय होतं, काकू? उरलेल्या निम्म्यांतल्या एकीतसुद्धा पोर पाण्यात जाईल ना?"

मॅकबाईंनी विचारलं, काय म्हणाली? मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

ट्रायल संपली. तिला खरं वेटोळं होतं, ते आम्हाला पुढे कळलं. तोवर चुंबकाचा असरही ओसरला होता. अशा थोपटण्याचा परिणाम टिकतो तो थोडेच दिवस, पोर पुन्हा जागं होतंच. फिट्स हळूहळू पहिल्यासारख्या झाल्या. एके दिवशी रेवती ईईजीसाठी, म्हणजे आमच्या त्या तारांच्या आलेखासाठी, आली होती, तेव्हा चुंबकाच्या खोलीत डोकावली. मशीनवर कव्हर घातलेलं होतं.

"काकू, हे नुसतंच पडून आहे?"

"हो गं."

"मग मला बसवा ना. पुन्हा निम्म्या तरी होतील. तेव्हा मी निम्म्याला नाकं मुरडली. आता निम्म्या पण चालतील, काकू."

ट्रायलबाहेर कोणाला बसवायची परवानगी नव्हती. मॅकबाईंनी वर विचारून पाहिलं, उत्तर आलं नाही म्हणजे नाही. मशीन तिथंच, खुर्ची तिथंच, मी तिथंच. तिच्या डोक्यावरची जागा तर मला डोळे मिटून सापडली असती. आज इतक्या वर्षांनीही कुठे घड्याळाची टक् टक् ऐकली की मला ती दारात उभी दिसते आणि वाटतं, बसवायला हवं होतं एकदा. बसवलं असतं तर नोकरी गेली असती आणि असर पुन्हा उतरलाच असता, हे सगळं मला कळतं. तरी वाटायचं ते वाटतंच.

पुढे निखिलचा व्हिसा संपला आणि ते पुण्याला परत गेले. सुरुवातीला फोन यायचे, मग थांबले. सई आता कॉलेजात असेल. पण ते जाण्याआधीचा एक शनिवार मला सांगायचाय.

सासूबाई पुण्याला परत गेल्या होत्या, रेवतीच्या आईचा व्हिसा अडकला होता. निखिलला ऑफिसचं काम असलं की शनिवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. त्या दिवशी मीच विषय काढला. म्हटलं, "टबात पाणी भरून पोराला त्यात बसवायचं, हे इंग्रजांचं खूळ. आपल्याकडे पाय लांब करून बसायचं, पोर पायांवर घ्यायचं आणि वरून तांब्यानं पाणी ओतायचं. पाणी साठलंच नाही तर बुडणार कशात?" ती म्हणाली, "काकू, बाथरूममध्ये कार्पेट आहे!" बाथरूमला कार्पेट घालायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याच्या डोक्याला मी आनंदानं तारा चिकटवल्या असत्या. म्हटलं, "रिकाम्या टबात बस की मग."

टबाचं बूच मी साखळीसकट काढून कार्डिगनच्या खिशात टाकलं. बेताचं कोमट पाणी छोट्या बादलीत कालवलं, नळ घट्ट बंद केले. रेवती जुनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून रिकाम्या टबात पाय पसरून बसली आणि मी सईला तिच्या पायांवर ठेवलं. पोरीला इतका आनंद की ती आईच्या पोटऱ्यांवर थापट्या मारायला लागली.

मी कमोडचं झाकण लावून त्यावर बसणार, तेवढ्यात रेवती म्हणाली, "काकू, तुम्ही बाहेर बसाल?"

मी तिच्याकडे बघितलं. बादलीकडे बघितलं, टबाच्या उघड्या भोकाकडे बघितलं. मग बाहेर आले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून. दार सताड उघडं, हात लांबवला तर चौकटीला लागेल.

आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. सई खिदळत होती. रेवती काहीबाही बोलत होती, "हा सईचा कान, हा सईचा दुसरा कान, ही कोणाची मान? ही मान..."

आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं.

पाण्याचा आवाजही थांबला. मी उठून वळले, चौकट धरली. रेवती पुढे वाकली होती. तिचा गाल सईच्या ओल्या केसांवर टेकलेला, डोळे मिटलेले, तांब्या पायाशी कलंडलेला.

"रेवती!"

तिनं डोळे उघडले नाहीत. दोन्ही हात मात्र पोरीभोवती घट्ट होते.

"शू, काकू," ती म्हणाली. "तुम्ही नाही आहात इथे."

मी परत जाऊन पायरीवर बसले, पाठ करून.